मोटारीचा सुस्कारा

भरधाव मोटारीच्या चालकानें ॲक्सिलरेटरवरील पाय एकाएकी उचलला कीं, कधीं कधीं तिच्या पुढल्या भागांतून ‘फिस्स्’ असा मोठा आवाज येतो. ऐकणारास वाटतें, चाकांतील हवाच गेली. वस्तुतः तो सुस्कारा टर्बो बसविलेल्या पेट्रोल एंजिनाच्या एका झडपेचा असतो. तिला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह असें म्हणतात. बाजारांत स्वतंत्रपणें मिळणाऱ्या कित्येक झडपांच्या माथ्यावर एक स्क्रू असतो, व तो घट्ट आवळला म्हणजे गाडीची शक्ति वाढते असा समज हौशी चालकांत बराच रूढ आहे. हा समज निराधार तर आहेच, पण खर्चांत पाडणाराही आहे.

एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंची वाया जाणारी शक्ति एंजिनालाच अधिक हवा पुरविण्याच्या कामीं लावावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनिअरची. तिचें पेटंट १९०५ सालचें आहे. विक्रीच्या मोटारींत ती प्रथम आली १९६२ सालीं, अमेरिकेंत, ओल्ड्समोबिल व शेव्हरोले यांच्या गाड्यांतून. टर्बोमध्यें एकाच दांड्यावर दोन चक्रें असतात. एक तप्त वायूंच्या झोतानें फिरतें, आणि त्याच्या जोरावर दुसरें चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून एंजिनाकडे पाठवितें. भर वेगांत हीं चक्रें मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतात.

अडचण येते ती पाय उचलल्यावर. एंजिनाच्या तोंडाशीं असलेली हवेची झांकणी, म्हणजे थ्रॉटल, मिटते. पण चक्रें आपल्या वेगानें फिरतच राहतात आणि हवा दाबीतच राहतात. घरांतील नळ झटक्यानें बंद केला म्हणजे भिंतींतील नळी धाडकन् वाजते, हें पुष्कळांनीं ऐकलें असेल. हवेचेंही कांहींसें तसेंच होतें. पुढें वाट नसल्यामुळें ती फिरत्या चक्राच्या पात्यांमधून उलटी परतूं पाहते. त्या वेळीं पारव्यानें पंख फडफडवावे तसा आवाज होतो. चक्राचा वेग मंदावतो, आणि हें वारंवार घडल्यास दांड्याच्या बेअरिंगवर ताण पडतो. कोंडलेल्या हवेस वाट करून देण्यासाठींच ही झडप असते.

ती कुकरच्या शिटीसारखी नव्हे. शिटी केवळ आंतील दाब वाढला कीं उचलली जाते. ब्लो-ऑफ झडप दोन बाजूंच्या दाबांतील फरकानें उघडते. तिच्यांत एक दट्ट्या असतो. खालून त्यावर टर्बोकडून आलेल्या हवेचा दाब असतो. वरून स्प्रिंग असते आणि थ्रॉटलच्या पलीकडून बारीक रबरी नळीनें आणलेला एंजिनाचा दाब असतो. पाय दाबलेला असतां दोन्ही बाजूंचे दाब जवळजवळ सारखे असतात, व स्प्रिंगच्या थोड्या जोरानें झडप मिटलेली राहते. पाय उचलतांच थ्रॉटलच्या पलीकडे पोकळी निर्माण होते. ती दट्ट्यास वर ओढते, खालील दाब त्यास वर ढकलतो, आणि हवा सुटते.

यावरून ध्यानांत येईल कीं, शक्ति वाढविण्याशीं स्क्रूचा संबंध नाहीं. टर्बोचा कमाल दाब ठरविणारी झडप निराळी. ती तप्त वायूंच्या मार्गावर असते व तिला वेस्टगेट म्हणतात. ब्लो-ऑफ झडपेचा स्क्रू एवढेंच ठरवितो कीं, झडप किती सहज उघडावी.

स्क्रू बसवितांना पहिली गोष्ट म्हणजे ती रबरी नळी पाहावी. ती चिरलेली किंवा मुडपलेली असल्यास कितीही फिरवाफिरव केली तरी व्यर्थ. नंतर झडपेच्या कारखानदाराची सूचनापत्रिका वाचावी. सामान्य रीत अशी : एंजिन गरम होऊन संथ चालूं लागल्यावर आंतील पोकळी पाऱ्याच्या सुमारें १८ ते २० इंचांएवढी असते. हवा बाहेर सोडणारी झडप या ओढीनें उघडी राहूं नये, इतपतच स्प्रिंग घट्ट असावी. झडपेच्या तोंडाशीं कागदाचा पातळ कपटा धरला असतां तो आंत ओढला गेला, तर झडप सैल आहे असें समजावें. एंजिन बंद करून, भाग निवूं देऊन, लॉकनट सैल करावा व स्क्रू पाव फेरा आवळून पुनः पाहावें. मग मोकळ्या, निर्धास्त रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्यें वेग घेऊन पाय उचलावा. स्वच्छ सुस्कारा आला तर ठीक. फडफड ऐकूं आली तर स्प्रिंग फार घट्ट झाली. पाव फेरा सैल करावी. शेवटीं लॉकनट आवळण्यास विसरूं नये.

मात्र एक दोष स्क्रूनें जात नाहीं. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्ससारख्या कित्येक गाड्यांत आंत येणारी हवा वाटेंत मोजली जाते, आणि त्या मापानें पेट्रोल सोडलें जातें. म्हणून कारखान्यांतून येणारी मूळ झडप सुटलेली हवा बाहेर न फेंकतां टर्बोच्या तोंडाशीं परत आणून सोडते. ती काढून बाहेर सुस्कारणारी झडप बसविली, तर मोजलेली हवा निघून जाते व पेट्रोल तेवढेंच पडतें. क्षणभर मिश्रणांत पेट्रोल अधिक होतें, एंजिन अडखळतें. सिग्नलपाशीं थांबतांना तें बंदही पडतें. ज्या गाड्या हवा न मोजतां एंजिनांतील दाब मोजतात, त्यांस हा त्रास सहसा होत नाहीं.

डिझेल मोटारींची गोष्ट याहून वेगळी. तेथें शक्तीचें नियमन थ्रॉटलनें होत नसून इंधनाच्या मात्रेनें होतें. पाय उचलल्यावर हवा कोंडत नाहीं. म्हणून केवळ आवाजासाठीं त्यांवर अशी झडप चढविणें निरर्थक आहे.

सुस्काऱ्याचा आवाज लहान कीं मोठा, यावरून झडपेची योग्यता ठरत नाहीं. पाय दाबलेला असतां ती पूर्ण मिटते काय, आणि पाय उचलतांच हवा अडखळल्यावांचून सुटते काय, हे दोनच प्रश्न विचारावे. मूळ झडप ही दोन्ही कामें नीट करीत असेल, तर तिला हात न लावणें हेंच शहाणपणाचें.