धाकट्याचा पैसा

टाटा घराण्यावरच्या जाडजूड पुस्तकांत जमशेटजींच्या धाकट्या मुलाच्या वाट्याला चार-दोन पाने येतात. सर रतन टाटा, जन्म १८७१. थोरल्या दोराबजींहून बारा वर्षांनी लहान. माझे कुतूहल बरीच वर्षे त्या चार-दोन पानांत अडकून पडले आहे.

बंगळूरच्या विज्ञान संस्थेची कथा सर्वांना ठाऊक आहे. वडिलांनी तीस लाखांची मालमत्ता देऊ केली, १९०४ मध्ये ते गेले, मुलांनी शब्द पाळला. ते झाले पितृऋण. धाकट्याने स्वतःच्या मर्जीने जे दिले, ते मला अधिक बोलके वाटते.

गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला त्यांनी वर्षाला दहा हजार रुपये लावून दिले. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहासाठी १९०९ मध्ये गांधींना पंचवीस हजार पाठवले, पुढेही पाठवत राहिले. सरकारशी ज्यांचे धंद्याचे संबंध होते, त्या घरातून हे पैसे जात होते! स्वतः मात्र लंडनजवळ ट्विकनहॅमला, यॉर्क हाउसमध्ये, बागेत संगमरवरी अप्सरा मांडून राहत. त्यांना शौकीन श्रीमंत म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण याच माणसाने १९१२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गरिबीच्या कारणांच्या अभ्यासासाठी वर्षाला १,४०० पौंड द्यायला सुरुवात केली. आर. एच. टॉनी त्या कामाचे प्रमुख झाले आणि इंग्लंडातले साखळ्या घडवणारे कामगार व शिंपी यांच्या किमान मजुरीचा छडा लागला. टाटांच्याच नागपूरच्या एम्प्रेस मिलमधल्या मजुरीचाही असाच छडा लावला असता तर, असे मनात येतेच.

खरी गंमत पाटण्याची. पाटलिपुत्राच्या उत्खननासाठी रतनजींनी वर्षाला वीस हजार देऊ केले. १९१३ मध्ये डी. बी. स्पूनर यांनी कुम्रहारला खोदकाम सुरू केले आणि मौर्यकालीन खांबांच्या रांगांचा माग लागला. स्पूनरना त्यात थेट प्राचीन इराणातले पर्सेपोलिस दिसले. १९१५ मध्ये त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय इतिहासातले ‘झरथुष्ट्री पर्व’ मांडले: मौर्य इराणी, इतकेच काय, बुद्धही त्याच मुळाचा! पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात ए. बी. कीथ यांनी या मांडणीचा समाचार घेतला. पारशी दात्याच्या पैशावर खोदताना नेमका पर्शियाच सापडावा, याला निव्वळ योगायोग म्हणायला माझे मन तयार नाही. तरी उतावळेपणा स्पूनरचा. सिद्धांत बुडाला, खांबांचा मंडप मात्र इतिहासात राहिला.

रतनजींचे मृत्युपत्रही १९१३ चेच. त्यात विश्वस्तांना सांगितलेय की जाणकार माणसे नेमा, समाजाच्या प्रश्नांचा आधी शोध घ्या, मगच योजना आखा. आणि हे ठरीव साच्याने नको, रोज वाढणाऱ्या ज्ञानाच्या उजेडात करा. आमच्या देवस्थानांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या किती विश्वस्त मंडळांत तरुण पिढीला असे मोकळे रान मिळते? बहुतेक ठिकाणी मुलाला खुर्ची देतात ती वडिलांच्या तसबिरीखाली बसून सह्या करण्यासाठी.

१९१८ मध्ये रतनजी इंग्लंडातच वारले. १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला. पोटी मूल नव्हते. पत्नी नवाजबाईंनी पुढे नवल नावाचा मुलगा दत्तक घेतला. तो जे. एन. पेटिट पारशी अनाथालयात वाढत होता, म्हणजे दुसऱ्याच एका पारशी घराण्याच्या दानावर.