आल्याची बिअर : फेस आला की मद्यार्कही आला

उन्हाळा लागला की घरोघरी कैरीचे पन्हे, मठ्ठा, लिंबाचे सरबत सुरू होते. अलीकडे त्यात एका नव्या पेयाची भर पडली आहे. मोबाईलवर कृती पाहून मुले घरीच ‘जिंजर बिअर’ करतात आणि मग आया दवाखान्यात विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, हे पोरांना द्यावं का?’ प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

हे पेय मूळचे इंग्लंडातले, अठराव्या शतकातले. आले, साखर आणि पाणी आंबवून ते करीत. पुढे यंत्राने पाण्यात वायू भरण्याची सोय झाली आणि आल्याचा सोडा बाटलीत मिळू लागला. तो न आंबवताच फसफसतो. घरची आल्याची बिअर मात्र खरोखर आंबवावी लागते. तत्त्व आंबिलीच्या किंवा इडलीच्या पिठाचेच, फक्त येथे काम मुख्यतः यीस्टचे असते. आल्याच्या सालीवर नैसर्गिक यीस्ट असते. ते साखर खाते आणि दोन गोष्टी तयार करते : कार्बन डायऑक्साइड वायू आणि मद्यार्क, म्हणजे अल्कोहोल. दोन्ही एकाच वेळी तयार होतात. म्हणून आंबवून फेस आणला, तर थोडा का होईना, मद्यार्क आलाच.

करायचेच असेल तर असे करावे. प्रथम विरजण. काचेच्या स्वच्छ बरणीत उकळून गार केलेले दोन कप पाणी घ्यावे. नळाचे पाणी न उकळता वापरल्यास त्यातील क्लोरीनमुळे यीस्टची वाढ मंदावू शकते. त्यात सालीसकट किसलेले चमचाभर आले व चमचाभर साखर घालून तोंडाला फडके बांधावे. रोज तेवढेच आले व साखर घालून ढवळावे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत, हिवाळ्यात आठवडाभरात बुडबुडे येतात. बुरशी धरली किंवा कुबट वास आला तर सगळे फेकून द्यावे.

मग २ लिटर पाण्यात १०० ग्रॅम आले ठेचून दहा मिनिटे उकळावे. २०० ग्रॅम साखर विरघळवून पूर्ण गार करावे, गाळावे. दोन लिंबांचा रस आणि गाळलेले अर्धा कप विरजण घालून बाटल्या भराव्यात. वर दोन बोटे जागा रिकामी ठेवावी.

खरी काळजी येथून पुढे. बाटली शीतपेयाची, प्लास्टिकचीच घ्यावी. आपल्या मुकुटबन-वणी भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. थंड देशात जे पेय तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात, ते येथे एका दिवसातच जोर धरते. वायूला वाट मिळाली नाही तर काचेची बाटली फुटते. गोटीच्या सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट केली, तिची काच दाब सोसण्यासाठीच जाड असते. सॉसची किंवा औषधाची रिकामी बाटली त्यासाठी केलेली नसते. प्लास्टिकची बाटली दर तीन-चार तासांनी दाबून पाहावी. ती टणक झाली की लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. तोंडापासून दूर धरून झाकण हळूहळू सैल करावे आणि पेय तीन दिवसांत संपवावे. फ्रिज नसेल तर या फंदात पडू नये. काच फुटून तुकडा डोळ्यात रुतलाच, तर डोळा चोळू नये, तुकडा ओढू नये, थेंब घालू नयेत. डोळ्यावर दाब येणार नाही असा कागदी पेला उपडा धरून थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा.

आता मद्यार्काचे. एका दिवसात आंबवलेल्या पेयात तो थोडा असतो, पण जितके दिवस ठेवाल तितका वाढतो आणि घरी मोजता येत नाही. म्हणून लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि यकृताचे रोगी यांनी ते घेऊ नये. सर्वांत मोठा धोका दारू सोडलेल्या माणसाला. अशा काहींना डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असतात. त्यावर थोडाही मद्यार्क पोटात गेला तर चेहरा लाल होणे, छातीत धडधड, उलट्या होतात, कधी रक्तदाब एकदम घसरतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असे होऊ शकते. गोळ्या नसल्या तरी ती चव जुन्या ओढीला जागे करते. ज्या घरातील बाईने मोठ्या कष्टाने नवऱ्याची बाटली सोडवली, त्या घरात ही बाटली येऊच नये.

वरच्या कृतीत पेलाभर पेयाला सुमारे चार चमचे साखर पडते. यीस्ट त्यातली थोडीच खाते, हे मधुमेह्यांनी लक्षात ठेवावे. ऊन लागलेल्याला किंवा जुलाब झालेल्यालाही हे पेय उपयोगाचे नाही, जास्त साखरेने जुलाब वाढतात. त्याला जीवनजल द्यावे. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंग तापून माणूस बरळू लागला तर तोंडात काही न ओतता अंग पाण्याने गार करीत दवाखान्यात न्यावे.

मुलांना आल्याची चव हवी असेल तर सोपा मार्ग आहे. आले साखरेच्या पाण्यात उकळून पाक करावा, गाळून फ्रिजमध्ये ठेवावा. पेल्यात दोन चमचे पाक, लिंबू, चिमूटभर काळे मीठ आणि वरून गार सोडा. चव तीच, फेसही तोच. बाटली फुटण्याची भीती नाही, मद्यार्क नाही आणि घरातल्या सर्वांना एकत्र बसून पिता येते.