घराचा कागद मराठीत, घरची बोली उर्दू

‘मौजा अमुक, प.ह.नं. इतके, ख.नं. इतके, तहसील नागपूर (ग्रामीण), जिल्हा नागपूर.’ नागपूरच्या आसपास ज्यांनी ज्यांनी प्लॉट घेतला, त्यांच्या कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ही ओळ असतेच. मोमिनपुरा, टेका, हसनबाग, ताजबाग, कामठी इथल्या कित्येक घरांत मात्र ती ओळ घरातल्या कर्त्या माणसानेही कधी वाचलेली नसते. पिशवी उघडली जाते ती बँकेचे कर्ज काढताना किंवा भांडण झाल्यावर.

हे मासिक वाचणाऱ्यांना मराठी येतेच. पण आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एखादी खालाजान, एखादे मामू असे असतात की ज्यांना उर्दू उत्तम येते, हिंदी चालते आणि मराठी कागद समोर आला की ते तो सरळ दलालाकडे सरकवतात. कामठी-मोमिनपुऱ्यातल्या मोमीन विणकरांचे पूर्वज उत्तरेकडून आले, बोली सोबत घेऊन आले. बोली टिकली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सरकारी कागद त्या बोलीत येत नाही, आणि आयुष्यभराची कमाई त्याच कागदावर अडकलेली असते. शाळेत पालकसभा संपली की फाईल काढून, “आपा, जरा हे वाचून द्या,” म्हणणारे पालक मला दरवर्षी भेटतात. बहुतेकदा सही होऊन गेलेली असते.

गंमत अशी की हा कागद वाटतो तेवढा परका नाही. वरची ओळच पाहा. मौजा म्हणजे उर्दूतला मौज़ा, गाव. ‘प.ह.नं.’ म्हणजे पटवारी हलका नंबर. हलका म्हणजे हल्क़ा, वर्तुळ, एका पटवाऱ्याच्या हाताखालचा भाग. ‘ख.नं.’ म्हणजे खसरा नंबर. पुण्याकडचा माणूस गट नंबर म्हणतो, आपण विदर्भात खसरा म्हणतो, कारण १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांताच्या आणि नंतर मध्य प्रदेशाच्या कारभारात होते. तहसील, जिल्हा, हद्द, हक्क, वारस, रक्कम, कब्जा, मालमत्ता, दस्तऐवज, खरेदी, मुखत्यार हे सगळे शब्द अरबी-फारसीतूनच मराठीत आले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश करून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी जमिनीच्या बाबतीत जुने शब्द हटले नाहीत. म्हणून ज्यांना उर्दू येते त्यांनी देवनागरी अक्षरे तेवढी बसवली, तर निम्मा दस्त आपोआप उलगडतो. अडतात ते उरलेले शब्द: अकृषक, भोगवटादार, चतुःसीमा, अविभक्त. तेही दहा-पंधराच आहेत.

सुरुवात एका पानापासून करावी. नोंदणी झालेल्या प्रत्येक दस्ताची ‘सूची क्रमांक दोन’ निघते. इंग्रजीत तिला इंडेक्स टू म्हणतात. दस्त इंग्रजीत असला तरी हे पान मराठीत असते. त्यातला पहिला रकाना ‘विलेखाचा प्रकार’. तिथे विक्रीपत्र किंवा खरेदीखत असे लिहिले असेल तर विक्री झाली. करारनामा असेल तर विक्री अजून व्हायची आहे. मुखत्यारपत्र असेल तर मालकी मिळालेलीच नाही. मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारून ‘विकत घेतलेल्या’ प्लॉटची सूची क्रमांक दोन निघतच नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीची नोंदणी १९०८ च्या कायद्याने सक्तीची आहे. ते पान नसेल, तर पैसे गेले आणि हातात शिक्का राहिला, एवढेच.

शेतजमिनीवर पाडलेल्या लेआऊटमध्ये प्लॉट घेत असाल तर सातबारा मागा. मालकाच्या नावाजवळ ‘भोगवटादार वर्ग-२’ असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, वारसांची नावे दिसतात. दलाल हा रकाना सहसा वाचून दाखवत नाहीत. तिथे वक्फची नोंद असेल तर सौदा तिथेच सोडा. वक्फ जमिनीची विक्री मुळातच रद्दबातल असते, विकणारा कितीही दीनदार दिसला तरी. अकृषक म्हणजे शेतीखेरीज वापराची परवानगी मिळालेली जमीन. आणि दस्तात ‘अविभक्त हिस्सा’ असे शब्द असतील तर तुमचा तुकडा नेमका कुठून कुठपर्यंत, हे कायद्याने ठरलेले नाही. मग चुन्याच्या रेघा कितीही सरळ असोत.

शहरात नागपूर सुधार प्रन्यासचा, म्हणजे नासुप्रचा, प्रश्न येतो. ‘५७२ लेआऊट’, ‘१९०० लेआऊट’ हे आकडे नागपूरकरांना तोंडपाठ आहेत. परवानगीशिवाय पडलेल्या या वस्त्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करण्यासाठी घेतल्या गेल्या. पण लेआऊट यादीत असणे वेगळे आणि तुमचा प्लॉट नियमित होणे वेगळे. प्लॉट नियमित झाल्याचे पत्र, ज्याला सगळे आर.एल. म्हणतात, ते त्या प्लॉटच्या नंबराचे आहे का ते पाहा. शेजाऱ्याचे आर.एल. दाखवून झालेले सौदे मी ऐकले आहेत. शहराबाहेरच्या महानगर क्षेत्रात हीच चौकशी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात करावी लागते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते. घर विकत घेताना फसलेला पुरुष निदान ओरडतो तरी. घरातली बहीण मात्र न वाचलेल्या कागदावर सही करून आपले घर देऊन टाकते आणि तिला वर्षानुवर्षे पत्ताही नसतो.

वडील गेल्यावर भाऊ म्हणतात, “नाव चढवायचे आहे, ऑफिसात चल, एक सही कर.” वारसांची नोंद करायला बहिणीचे नाव लागते, हे खरेच आहे. पण वारस नोंदीचा अर्ज वेगळा आणि हक्कसोडपत्र वेगळे. हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकांकडे नोंदणी होते, अंगठा आणि फोटो घेतला जातो, आणि त्यानंतर त्या घरात बहिणीचा काही उरत नाही. दोन्ही कागद मराठीत, दोन्ही वेळेला “एक सही”.

उदाहरण घेऊ. वडिलांच्या मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. आजी-आजोबा हयात नाहीत. प्लॉट १२०० चौरस फुटांचा. शरीयतच्या हिशेबाने ४० हिस्से केले तर आईचे ५, प्रत्येक मुलाचे १४, मुलीचे ७. म्हणजे आईचे १५० फूट, मुलांचे ४२०-४२० आणि मुलीचे २१०. हा हक्क वडील गेले त्या क्षणी तिचा झाला. कोणी देण्याची वाट पाहायची नाही. तिला तो स्वखुशीने भावांना द्यायचा असेल तर जरूर द्यावा. पण काय देतो आहोत हे कळल्याशिवाय खुशी कसली?

ओळखायचे कसे? दस्तात दोन पक्ष असतात: ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. आपले नाव कोणत्या शब्दांखाली आहे ते आधी शोधा. ‘लिहून देणार’खाली नाव असेल तर तुम्ही काहीतरी देत आहात, मग पुढचा शब्दन् शब्द वाचून घ्या. आणि सहीच्या वर शेवटची ओळ बहुधा अशी असते, की हा दस्त वाचून, समजून, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला असे. राजी, खुशी, अक्कल, हुशारी, सगळे शब्द आपल्याच घरातले. न वाचता सही करणारी बहीण नेमके हेच लिहून देते, की मी वाचले. नंतर कोर्टात, “मला मराठी येत नव्हते,” म्हणायची वेळ आली तर ही ओळ तिच्या विरुद्ध उभी राहते.

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. त्यात असेही आहे की, ज्याला मजकूर सांगणे जमत नाही त्याच्या वतीने त्याच्या वलीने तो इन्साफाने सांगावा. घरात ज्या मुलीला मराठी येते, तिने अम्मीच्या आणि फुफीच्या वतीने हे काम करावे. दहावीची मुलगी दस्त वाचू शकते. मोठ्या आवाजात, थांबत थांबत वाचला की पुरे.

विकत घेणाऱ्यांनीही हा हिशेब पाहावा. भावांनी बहिणीच्या सहीशिवाय वडिलांचे घर विकले तर त्यांना विकता येतो तो त्यांचाच हिस्सा. विकणाऱ्याला, “घरात बहिणी किती?” असे विचारायला लाजू नका. विकणारा, “अब्बांनी हिबा करून दिले होते,” म्हणाला तर तोंडी हिबाही मुस्लिम कायद्यात चालतो, पण जाहीर करणे, स्वीकारणे आणि प्रत्यक्ष कब्जा देणे या तिन्ही गोष्टी झाल्याचे साक्षीदार त्याच्याकडे हवेत.

बयाना देण्याची घाई सर्वांत महागात पडते. (बयाना हा शब्दही ‘बै’ म्हणजे विक्री यावरूनच.) फ्रान्समध्ये घर घेणाऱ्या इंग्रजांची अडचण आपल्यासारखीच असते: कागद फ्रेंचमध्ये, माणूस इंग्रजीत. पण तिथे राहते घर घेणाऱ्याला करारावर सही झाल्यावर मागे फिरायला कायद्याने १० दिवस मिळतात. आपल्याकडे तसे दिवस नाहीत. म्हणून ते १० दिवस बयान्याच्या आधी आपणच घ्यायचे: सातबारा किंवा शहरातली आखीव पत्रिका काढायची, फेरफार पाहायचा, वकिलाला दाखवायचे. “आज नाही दिले तर दुसरा गिऱ्हाईक तयार आहे,” असे दलाल म्हणेल. म्हणू द्या. आणि राहते घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, हेही त्या दहा दिवसांत घरात बोलून घ्यावे.

किरायाने राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. ‘११ महिन्यांचा करार, नोंदणीची गरज नाही,’ हे नागपुरात अजून सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे कलम ५५ असे सांगते की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मात्र लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरही घर सोडले नाही तर दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मालक वीज-पाणी तोडून घर रिकामे करून घेऊ शकत नाही. किराया रोख देत असाल तर पावती हा तुमचा हक्क आहे, आणि पावतीवर रकमेसोबत महिना लिहिला आहे की नाही, ते तिथल्या तिथे वाचून घ्या.