अश्वमांस आणि इस्लामी धर्मशास्त्र : दख्खनच्या संदर्भात एक विवेचन

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाचा आहे. गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहते, चाल पाहते, अंगावरील भोवरे पाहते. परंतु मांसाच्या दृष्टीने त्या जनावराकडे हिंदू पाहत नाही आणि मुसलमानही पाहत नाही. यावरून इस्लामी धर्मशास्त्रात अश्वमांस निषिद्धच असले पाहिजे, असा समज सहज होतो. तो समज बरोबर नाही. एखादी वस्तू न खाणे हा लोकाचार होय. ती निषिद्ध असणे हा शास्त्राचा निर्णय होय. या दोहोंतील अंतर कोठे पडते व का पडते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम परिभाषा स्पष्ट केली पाहिजे. इस्लामी शास्त्रकार कृत्यांची विभागणी केवळ विहित व निषिद्ध अशा दोन वर्गांत करीत नाहीत. ‘हलाल’ आणि ‘हराम’ यांच्या दरम्यान ‘मकरूह’ म्हणजे अप्रशस्त असा वर्ग आहे. हनफी पंडितांनी त्याचेही दोन भाग केले : निषिद्धाच्या जवळ जाणारे ते ‘मकरूह तहरीमी’ आणि केवळ टाळलेले बरे ते ‘मकरूह तनझीही’. अश्वमांसाचा वाद मुख्यत्वे या मधल्या प्रदेशात चालतो.

वादाचे मूळ कुराणाच्या सोळाव्या अध्यायात आहे. त्यातील पाचव्या वचनात गुरेढोरे यांच्यापासून मिळणारी ऊब, इतर लाभ व अन्न यांचा उल्लेख येतो. आठव्या वचनात घोडे, खेचरे व गाढवे यांचा उल्लेख मात्र स्वारीसाठी आणि शोभेसाठी असा येतो. भक्षणाविषयी तेथे एक शब्दही नाही. या मौनाचा अर्थ काय लावावा, हाच खरा प्रश्न आहे.

इमाम मालिक (मृत्यू इ. स. ७९५) यांनी आपल्या ‘मुवत्ता’ ग्रंथात या मौनाला निर्णायक मानले : ज्या प्राण्यांचा उल्लेख स्वारीसाठी आहे ते स्वारीसाठी, ज्यांचा भक्षणासाठी आहे ते भक्षणासाठी. इमाम अबू हनीफा (मृत्यू इ. स. ७६७) यांचा कौलही अश्वमांसाच्या विरुद्ध, मकरूह असाच आहे. बाराव्या शतकातील मर्गीनानी यांच्या ‘हिदाया’ या ग्रंथात त्याची उपपत्ती दिली आहे. हे वचन ईश्वरी उपकारांची गणना करणारे आहे. भक्षण हा सर्वांत मोठा उपयोग असता तो वगळून गौण उपयोग सांगितला जाणे संभवत नाही. शिवाय घोडा हे युद्धाचे साधन असून लुटीच्या वाटणीत त्याचा स्वतंत्र हिस्सा धरला जातो. तेव्हा त्याचा मान राखून त्याचे मांस वर्ज्य करणे उचित होय.

याच्या उलट पक्षाचा आधार हदीस-वाङ्मयात आहे. जाबिर बिन अब्दुल्ला यांच्या कथनानुसार खैबरच्या प्रसंगी (हिजरी ७, इ. स. ६२८) प्रेषितांनी पाळीव गाढवाच्या मांसाला मनाई केली आणि घोड्याच्या मांसाला परवानगी दिली. पहिले खलिफा अबू बक्र यांच्या कन्या अस्मा यांनी, प्रेषितांच्या हयातीत आम्ही घोडा कापून खाल्ला, असे सांगितले आहे. ही दोन्ही कथने बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आहेत. खालिद बिन वलीद यांच्या नावावरील मनाईचे कथन मात्र बहुसंख्य हदीस-पंडितांनी दुर्बल ठरविले आहे. याच बळावर इमाम शाफई (मृत्यू इ. स. ८२०) व इमाम अहमद बिन हंबल (मृत्यू इ. स. ८५५) यांनी अश्वमांस हलाल मानले. मौनाच्या युक्तिवादाला या पक्षाचे उत्तर मार्मिक आहे. सोळावा अध्याय मक्केतील, म्हणजे खैबरच्या पूर्वीचा आहे. त्या वचनानेच गाढव व घोडा वर्ज्य झाले असते, तर गाढवाची मनाई खैबरला नव्याने करण्याचे कारण काय? शिवाय त्या वचनात ओझे वाहण्याचाही उल्लेख नाही. म्हणून खेचरावर ओझे लादणे कोणी निषिद्ध मानीत नाही.

येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मतभेद केवळ संप्रदायासंप्रदायांत नाही. अबू हनीफा यांचे दोन प्रमुख शिष्य अबू यूसुफ व मुहम्मद शैबानी यांनी गुरूंचे मत न स्वीकारता अश्वमांसास अनुमती दिली. गुरूंचे ‘मकरूह’ तहरीमी की तनझीही, याविषयीही पुढील हनफी ग्रंथकारांत एकमत नाही. शिया पंथीयांच्या जाफरी शास्त्रातही हे मांस हराम नसून मकरूह गणले जाते.

आता दख्खनकडे वळू. येथील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. औरंगजेबाच्या आज्ञेवरून शेख निझाम बऱ्हाणपुरी यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेला ‘फतावा-इ-आलमगिरी’ हा हनफी निर्णयांचाच संग्रह आहे. परंतु हैदराबाद संस्थानाच्या फौजेतून हद्रमौतचे जे अरब आले व ज्यांचे वंशज आज मराठवाड्यात ‘चाऊस’ म्हणून ओळखले जातात, त्यांची मूळ परंपरा शाफई आहे. कोकणी मुसलमानही शाफईच. म्हणजे ग्रंथांप्रमाणे पाहता एकाच गावातील दोन शेजाऱ्यांना या बाबतीत भिन्न निर्णय लागू पडतात. आचारात मात्र फरक दिसत नाही. ज्याला परवानगी आहे तोही घोडा खात नाही. तेव्हा या वर्जनाचे कारण केवळ ग्रंथात शोधून भागणार नाही.

ते कारण बव्हंशी घोड्याच्या दुर्मिळतेत आहे, असे आम्हांस वाटते. दख्खनी सत्तांना उत्तम घोडा अरबस्तान व इराणातून समुद्रमार्गे चौल, दाभोळ यांसारख्या बंदरांत आणावा लागे. इ. स. १७६० मध्ये उदगीर येथे निझाम व मराठे यांची जी गाठ पडली, तीत दोन्ही फौजांचे बळ घोडदळावर अवलंबून होते. असे जनावर कापून खाणे हा अविचारच ठरला असता.

याचा पडताळा मध्य आशियात मिळतो. कझाक व किरगीझ हे हनफीच. परंतु अश्वमांस हे त्यांचे मानाचे अन्न आहे. इब्न बतूता हा मालिकी पंथाचा प्रवासी चौदाव्या शतकात त्या गवताळ प्रदेशातून गेला आणि पुढे दौलताबादलाही येऊन राहिला. तुर्कांच्या मेजवानीत अश्वमांस वाढले जाते, हे त्याने नोंदविले. आणि तेथून हिंदुस्थानकडे निघणाऱ्या घोड्यांच्या एकेका तांड्यात सुमारे ६,००० जनावरे असत, हेही नोंदविले. ज्या प्रदेशात घोडा विपुल, तेथे त्याच संप्रदायाने शिष्यांचे मत व्यवहारात आणले. ज्या प्रदेशात तो मोलाचा, तेथे गुरूंचे मत टिकून राहिले.

इंग्रजी अमदानीत चार्ल्स हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये ‘हिदाया’चे भाषांतर प्रसिद्ध केले व न्यायालयांत ते प्रमाण मानले जाऊ लागले. परिणामी एका संप्रदायातील एक मत हेच संपूर्ण मुसलमानी शास्त्र, असे मानण्याची सवय अभ्यासकांनाही जडली. आजच्या भारतात या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व थोडे आहे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतील खाद्य प्राण्यांच्या यादीत घोडा नाही. अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व कायम आहे. ‘इस्लामात हे चालते काय?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी कोणत्या संप्रदायात, त्यातील कोणाच्या मते आणि कोणत्या प्रमाणावरून, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. आणि लोक काय खातात यावरून शास्त्र काय सांगते, याचे अनुमान स्वतंत्र पुराव्यावाचून करू नये.