चिनीमातीची भट्टीतली परीक्षा

गार चिनीमाती वीज अडवते. खूप तापली की तीच विजेला वाट देते. सुरुवातीच्या स्पार्क प्लगचे दुखणे इथेच होते. 1902 मध्ये बॉश कंपनीच्या गॉटलोब होनॉल्डने उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग ही जोडी आणली. पण इंजिन तापले की ठिणगी पडण्याऐवजी वीज चिनीमातीतूनच निसटे. मोटार त्यामुळे ‘मिसिंग’ करी. विमानात तेच जिवावर बेते. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने निरनिराळ्या मिश्रणांचे नमुने तापवून त्यांचा विद्युतरोध मोजला. दोषी ठरला फेल्डस्पार. भाजताना चिनीमातीचे कण सांधणारा हाच घटक. पण त्यातले सोडियम-पोटॅशियमचे आयन उष्णतेने हलते होऊन वीज वाहून नेतात. आजच्या प्लगमधले पांढरे ॲल्युमिना त्या कसोटीला उतरते.