ठिणगी का पडत नाही?

कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी मोटार तयार होई. 2023 साली तिची शेवटची टॅक्सी मुंबईत बंद झाली. तरी काहींनी ही गाडी हौसेने जपली आहे. पावसाळ्यात अंधेरीला, मुलुंडला ती अडते. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण ठिणगी नाही! लगेच नवी कॉइल घेऊ नका, असे आम्ही सांगतो. पैसे फुकट जातात. किल्ली बंद करून डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढावे. आतली ओल कोरड्या फडक्याने पुसावी. मग पॉइंट पाहावेत. पॉइंट उघडतात, तेव्हाच कॉइल 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. ते काळे पडले असतील तर बारीक पॉलिशपेपरने घासावेत. उघडल्यावर फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी हवी. इंजिन फिरताना वायर हातात धरू नका, जबर झटका बसतो. तरीही ठिणगी नसेल तर कंडेन्सर बदलावा. तो स्वस्त असतो. कॉइलकडे सर्वांत शेवटी वळावे.