लोणारची विस्मरणात गेलेली खाण

आमचं पिंपळगाव राजा घाटाखाली, लोणार घाटावर. खामगाव, चिखली, मेहकर करत बुलढाणा जिल्हा जवळजवळ आरपार ओलांडावा लागतो. बंद पडलेल्या खाणींवर लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चंद्रपूरकडचा कोळसा असावा. मला आठवली ती आपल्याच जिल्ह्यातली, बोगदा नसलेली खाण.

उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंदीचं विवर, १८२३मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली नोंद, लवणासुराची कथा, दैत्यसूदनाचं मंदिर हे सगळं प्रत्येक माहितीपुस्तिकेत सापडतं. ‘ऐन-ए-अकबरी’तल्या नोंदीकडे मात्र फारसं कोणी थांबत नाही. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यातून चांगला महसूल येतो, असं अबुल फजल लिहितो. म्हणजे सोळाव्या शतकात दिल्ली-आग्र्याच्या हिशेबात लोणार ही एक चालती खाण होती.

तिचं यंत्र म्हणजे ऊन. विवराला पाणी बाहेर जायला वाट नाही. पावसाचं आणि झऱ्यांचं गोडं पाणी काळ्या दगडातून झिरपताना क्षार घेऊन तळ्यात उतरतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चुनखडीच्या रूपाने खाली बसतात, सोडियम पाण्यातच राहतं. साखरेचा पाक आटत जावा तसं वैशाखापर्यंत तळं घट्ट होत जाई आणि काठावर, तळाशी सोड्याचे खडे धरू लागत. मजूर पाण्यात उतरून ते काढत. दल्ला, निमक-दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी मालाची प्रतवारी होती. कशात सोडा जास्त, कशात मीठ, कशात माती, हे प्रयोगशाळेशिवाय ओळखणारी माणसं या काठावर होती, याचं मला अतिशय अप्रूप वाटतं.

पाणी ओसरलेल्या काठावरच्या पांढऱ्या थरावर मी ओलं बोट फिरवलं. बोट साबण लावल्यासारखं बुळबुळीत झालं. पर्यटक घरून हळद आणतात. तळ्याच्या पाण्यात ती कुंकवासारखी लाल होते. त्या लाल रंगात खाणीचं सगळं रसायन उघड दिसतं.

धंदा मोडला तो कारखान्यांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात सॉल्वे पद्धतीने मिठापासून स्वस्त सोडा निघू लागला. पुढे १९३९मध्ये टाटांनी सौराष्ट्रात मिठापूरला कारखाना काढला. वर्षातून एका ऋतूत पिकणारा, मातीमिश्रित माल त्यापुढे कसा टिकणार? केनियातल्या मागाडी तळ्यातून मात्र असाच नैसर्गिक सोडा आजही निघतो आणि तिथला कारखाना आता टाटांकडेच आहे. लोणारपेक्षा मागाडी कितीतरी मोठं, हे खरं. तरी हे कळल्यावर मला चुटपुट लागली.

आता ही खाण पुन्हा चालू करा, असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. २०००मध्ये इथे अभयारण्य झालं, २०२०मध्ये रामसर दर्जा मिळाला, आणि ते योग्यच झालं. काळजी पाण्याची आहे. २००६मध्ये तळं जवळजवळ कोरडं पडलं होतं. २०२०च्या जूनमध्ये पाणी कमी आणि खारटपणा जास्त झाला, तेव्हा क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झालं आणि जगभर गाजलं. त्यानंतर उलटं घडलं: पाणी इतकं चढलं की काठावरच्या कमळजामातेच्या मंदिरात शिरल्याच्या बातम्या आल्या. वरून गावचं सांडपाणी विवरात उतरतं, ही तक्रार तर जुनीच. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला वारंवार लक्ष घालावं लागलं आहे.

गोडं पाणी वाढत गेलं तर खारटपणा उतरेल आणि त्याच खारटपणावर जगणारी सूक्ष्मजीवसृष्टी धोक्यात येईल. कोणत्या वर्षी पाणी किती मागे सरलं, कुठला झरा उन्हाळ्यात किती वाहिला, कोणत्या काठाला आधी पापडी धरली, हे पोटासाठी बघणारे डोळे पूर्वी इथे दरवर्षी होते. ती बघणारी पिढी गेली. तिच्याकडून आजी-आजोबांनी ऐकलेलं काही लोणारच्या घरांत अजून शिल्लक असेल तर ते याच दोन-चार वर्षांत लिहून घ्यायला हवं. आणि विवराच्या तळाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी पाणीपातळीची एक खूणपट्टी हवी, तिच्या नोंदी दर महिन्याला गावात लागायला हव्यात.